मागचं रबर

"थांब, जरा पुसून घेतो. फरशीचा हात लागलाय."

अथर्व असं म्हणाला आणि त्यानं खिशातून ओला टिश्यू काढला. मी आत्ताच खाली ठेवलेलं गेमचं पॅड त्यानं दोन बोटांनी उचललं. बटणं पुसली. मागची बाजू पुसली. वायरसुद्धा वीतभर पुसली. मग टिश्यू चुरगाळून माझ्या पायाशी टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उचलणारी मीच होते, हे त्याला माहीत होतं.

खुर्च्यांवर पोरं बसलेली होती. सगळी हसली. मीपण हसले.

ते हसणं मला अजून छळतं. त्यानं पुसलं त्याचा राग नंतर आला. आधी राग आला तो माझ्या हसण्याचा. कुणी मला हस म्हणलं नव्हतं.

सोलापुरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर कपड्याच्या दुकानाच्या वर एक गेमिंग पार्लर आहे. त्या दिवशी तिथं मारामारीच्या गेमची स्पर्धा होती. स्क्रीनवर दोघांचे दोन लढवय्ये समोरासमोर. दोन राउंड जिंकले की सामना जिंकला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सकाळी त्या पार्लरची फरशी पुसायचे. त्या बदल्यात पार्लर उघडेपर्यंत मालक मला खेळू द्यायचे. मालकांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. स्पर्धेच्या दिवशी मामा फळ्यावर जोड्या लिहीत होते. कुणाचं नाव वाघ, कुणाचं वादळ, सगळी टोपणनावं. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "हिचं काय टाकू?" मी तोंड उघडायच्या आत अथर्व म्हणाला, "फरशी टाका की मामा." मामांनी टाकलं.

पहिला सामना मी जिंकले. दुसरा अथर्वशी. तिथं नियम असा की मागची स्पर्धा ज्यानं मारली त्याला डावी खुर्ची. मागची त्यानं मारली होती. म्हणून मी उठून उजवीकडं सरकले, डाव्या खुर्चीसमोरचं पॅड त्याच्याकडं गेलं, आणि टिश्यू निघाला.

सामना कसला, चेष्टा होती. अथर्वचा लढवय्या भालेवाला. उंच, आणि त्याच्यापेक्षा त्याचा भाला लांब. माझी ठेंगणी. आखूड हात, आखूड पाय, हातात काहीच नाही. तिचा ठोसा बसला तर समोरचा हलतो, पण बसायला आधी जवळ जायला पाहिजे ना. मी पुढं जायचे, भाला यायचा. मी मागं यायचे, परत भाला यायचा. मागं जाऊन जाऊन माझी पाठ भिंतीला लागली. तिथं त्यानं मला टोचून टोचून मारलं. दोन्ही राउंड. माझा एकही ठोसा लागला नाही. मागनं कुणीतरी ओरडलं, "फरशी साफ."

सामना संपला की मूठ मुठीला लावायची पद्धत आहे. हरलेला, जिंकलेला, दोघंही लावतात. मी मूठ पुढं केली. अथर्व फोनमध्ये बघत बसला. मी मूठ मागं घेतली आणि आपल्याच ओढणीला पुसली. का पुसली? मला काय लागलं होतं?

अथर्व मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला नव्हता. आम्ही मूळचे वळसंगचे. आमचं आडनाव सांगितलं की गावात आमचं घर कुठल्या बाजूला आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. वडील गेल्यावर आई मला घेऊन सोलापुरात आली आणि विजापूर रोडला एका डॉक्टरांच्या बंगल्यावर धुण्याभांड्याला, फरशीला लागली. अथर्व त्या डॉक्टरांचा मुलगा. त्याच्या आईला माझी आई वैनी म्हणायची.

मी दहा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी लागली की आईबरोबर जायचे. ती बादलीत फिनेल टाकायची, मी फडकं पिळायचे. फरशी कशी पुसायची ते तिनं मला त्याच घरात शिकवलं. उकिडवं बसायचं. भिंतीपासून सुरुवात करायची. अर्धा गोल पुसायचा आणि मागं सरकायचं. परत अर्धा गोल, परत मागं. "पुसलेल्यावर पाय ठेवायचा न्हाय," आई म्हणायची. "मागं मागं सरकत दारापतुर यायचं. दार आलं की भायेर." कामाच्या बाईनं शेवटी दाराबाहेर असायचं, आणि आतल्या फरशीवर तिच्या पायाची खूण राहायची नाही. हे मला लई चांगलं जमायला लागलं होतं. आई बंगल्यातल्या इतर बायांना सांगायची, माझ्या पोरीचा ठसा दिसत न्हाय बघा.

एकदा अथर्व हॉलमध्ये टीव्हीवर खेळत होता. मित्र आला नव्हता म्हणून कंटाळला होता. मला म्हणाला, "ये, खेळतेस का?" मी आईकडं बघितलं. आई बाथरूममध्ये होती. मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा पॅड हातात घेतलं. त्यानं तेव्हाही भालेवालाच घेतला आणि मला ठेंगणी दिली, कारण ती कुणीच घेत नव्हतं. त्यानं मला दहा वेळा मारलं. मला काही वाटलं नाही. मी खुशीत होते. स्क्रीनवरची ती बुटकी बाई मी सांगेन तशी हलत होती. असं कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं.

मग वैनी आल्या. ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "हात धुतले होतेस का गं?" माझ्या हातातून पॅड घेतलं नाही. मला ते पेपरवर ठेवायला लावलं. नंतर कापसावर डेटॉल घेऊन एकेक बटण पुसलं. आई धावत आली, हात ओले, पदर खोचलेला. "चुकलं वैनी. पुन्हा न्हाय व्हनार," म्हणाली. मला वाटलं अथर्व सांगेल की मीच हिला बोलावलं. तो म्हणाला, "मम्मी, तिला खेळू दे ना. ती लगेच हरते."

घरी निघाल्यावर आईनं रिक्षात चढताना माझ्या पाठीत एक धपाटा घातला. एकच. त्याचं दुःख नाही. तो धपाटा चुकीच्या पाठीत पडला एवढंच.

तर अशी आमची ओळख. दहा वर्षांनी पार्लरमध्ये त्यानं मला बघितलं तेव्हा लगेच ओळखलं. "अरे, ही आमच्या मावशींची मुलगी," म्हणाला मित्रांना. एक मित्र म्हणाला, "आडनाव काय गं तुझं?" मी सांगितलं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्यानंतर मला पाणी आणायला सांगायची त्यांना सवय लागली.

स्पर्धेतनं हरून आल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहिना. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर हलायची. बसमध्ये हलायची. लेक्चरला बेंचखाली हलायची. टिश्यू, हसणं, मूठ, ओढणी, तेच तेच. झाडू मारताना मी टेबलांना ठोकरत होते. मामा म्हणाले, "काय झालंय तुला? भूत लागलंय का?" मी म्हणलं, व्हय, लागलंय.

रोज सकाळी फरशी घाईत उरकायची आणि ठेंगणी घेऊन बसायचं. समोरून मशीन खेळायचं, त्याला भालेवाला द्यायचे आणि रोज हरायचे. उड्या मारून जायला बघितलं, भाल्यानं वरच्यावर टिपलं. पळत जायला बघितलं, तोंडावर भाला. मग वाटायचं हा लढवय्याच चुकीचा, आपण पण भालेवाला घ्यावा. एक दिवस घेतलापण. जिंकले. आणि मला इतकी किळस आली की मी तो परत घेतला नाही. लांबनं टोचत बसायचं मला जमणार नव्हतं. जमवायचंही नव्हतं.

मग माझं पॅड बिघडलं. सरावाला मला मामांनी एक जुनं पॅड दिलं होतं, ते दुसरं कुणी घेत नव्हतं. त्याचं डावं बटण चालेना. पार्लरची पॅडं दुरुस्त करायला रशीदभाई यायचे. वयस्क माणूस, नाकावर चष्मा, चहाशिवाय स्क्रू काढत नसत. त्यांनी माझं पॅड खोललं. आत बटणांखाली रबराचं एक पातळ पान असतं, त्यावर बटण दाबलं जातं. ते पान त्यांनी उजेडात धरलं आणि हसले.

"ये देख," म्हणाले. "पीछे का रब्बर फट गया. आगे का नवा का नवा है. तू आगे जातीच नै क्या?"

मी बघितलं. सकाळी मी एकटीच असायचे आणि कायम डाव्या खुर्चीवर बसायचे. तिथं डावं बटण म्हणजे मागं, उजवं म्हणजे पुढं. डाव्या बाजूचं रबर झिजून चिरलं होतं. उजव्या बाजूचं कोरं. त्याच्यावरची कंपनीची चकाकीसुद्धा गेली नव्हती.

मी म्हणलं, "मार चुकवायला मागं जायला लागतं की."

"अडवायला बटण वेगळं आहे ना?" त्यांनी विचारलं. होतं. या गेममध्ये मार अडवायला वेगळं बटण आहे. मागं जायची गरजच नसते. "फिर कायकू जाती?" म्हणाले.

रशीदभाई नवीन रबर बसवून गेले. मी बादली भरली, भिंतीपासून सुरुवात केली, उकिडवी बसले, अर्धा गोल पुसला आणि मागं सरकले. परत अर्धा गोल. परत मागं. आणि तिथंच फडकं हातात धरून बसून राहिले.

मी गेम खेळत नव्हते. मी फरशी पुसत होते. प्रत्येक मार अडवला की दोन पावलं मागं. एखादा ठोसा माझा बसला तरी दोन पावलं मागं. मी जिंकायला लागले तरी मागं. भिंत येईपर्यंत मागं. आणि मागं गेलं की मी नेमकी भाल्याच्या टोकाखाली यायचे. टोक जिथं लागतं ती जागा भालेवाल्याची. तो मला तिथं आणत नव्हता. मीच जात होते. मला दहाव्या वर्षापासून तिथं जायला शिकवलं होतं, आणि मी त्यात हुशार म्हणून नावाजले गेले होते.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं झालं. मी उठले आणि ओल्या फरशीवरनं सरळ चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. मामा आले तेव्हा ठसे वाळले होते. "कुणाचे पाय हे?" म्हणाले. मी म्हणलं, "माझे."

त्यानंतर मी पुढं जायला शिकले. पहिले आठ दिवस काहीच जमलं नाही. बोट आपोआप डावीकडं जायचं. मी डाव्या बटणावर चिकटपट्टीचा गोळा लावला, टोचेल असा. बोट गेलं की टोचायचं. मग उजव्या खुर्चीवर बसून उलट्या बटणांनीही तेच केलं. हळूहळू कळायला लागलं. उडी मारायची नाही, पळायचं नाही. एक पाऊल पुढं टाकायचं आणि अडवायचं. भाला आपटू दे. मागं जायचं नाही, तिथंच उभं राहायचं. परत एक पाऊल. आणि भाला जेवढा लांब, तेवढा तो परत जायला वेळ लागतो. भालेवाल्याचा वार हुकला की तो क्षणभर उघडा असतो. तेवढ्यात आत शिरायचं. एकदा आत शिरलं की भाला काही कामाचा नाही. तिथं आखूड हात चालतात. आणि मुख्य म्हणजे, आत गेल्यावर बाहेर यायचं नाही. तो ढकलेल, सरकेल, काहीही करेल. त्याला चिकटून राहायचं.

दिवाळीच्या सुट्टीत परत स्पर्धा लागली. मी नाव दिलं. ते बंगल्यावर कळलं. दोन दिवस आधी आई घरी आली ती बसलीच नाही.

"वैनी इचारत हुत्या, तुमची पोरगी अथर्वदादाबरूबर खेळणार हाय म्हनं."

"खेळणार हाय."

"मग हरून ये की. काय जातंय तुझं? खेळच हाय न्हवं?"

"आणि जिंकले तर?"

"त्या घरात मी बारा वर्स काढली. हितल्या खोलीचं भाडं त्या घरावर चालतंय. तुझं कालेज चालतंय. तुला काय कळतंय का न्हाय?" मी काहीतरी बोलायला लागले तशी ती कानडीत गेली. चिडली की जाते. "साकू," म्हणाली. म्हणजे बास. पुढं काही ऐकलं नाही.

त्या दोन दिवसांत मी दहा वेळा ठरवलं की हरायचं. खरं सांगते. आईचे गुडघे मी बघते. उकिडवं बसून बसून उठताना तिला भिंत धरावी लागते. त्या गुडघ्यांवर आमचं घर उभं आहे. एका गेमसाठी ते काढून घ्यायचा मला काय हक्क? हा प्रश्न मला अजून आहे. मी त्याचं उत्तर देत नाही, कारण माझ्याकडं नाही. पण हरायचं म्हणजे काय करायचं ते मला आता माहीत होतं. मागं जायचं. बोट मागं न्यायचं, दोन-दोन पावलं, दारापर्यंत. ते काही मला होईना.

स्पर्धेच्या दिवशी फळ्यावर परत फरशी. मी मामांना म्हणलं, "पुसा ते."

"असू दे गं. पोरांना मजा येते. नाव फेमस झालंय तुझं."

मी डस्टर घेतलं, पुसलं, आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण. नाव, मधे आईचं नाव, मग आडनाव. आडनाव मोठ्या अक्षरात. खुर्च्यांवर थोडी कुजबुज झाली. मामा पुढची जोडी लिहायला लागले.

दोन सामने मी जिंकले. तिसरा अथर्वशी. डावी खुर्ची त्याची. मी पॅड खाली ठेवलं, उजवीकडं सरकले. तो बसला, आणि न बघताच त्याचा हात खिशात गेला. टिश्यू.

"पुसू नको," मी म्हणलं.

"काय?"

"पुसू नको. असंच धर. धरायचं नसंल तर ऊठ."

अथर्व मित्रांकडं बघून हसला, पण या वेळी कुणी लगेच हसलं नाही, आणि मी तर नाहीच हसले. सगळे बघत होते. मामा म्हणाले, "चला रे, उशीर होतोय." त्यानं टिश्यू परत खिशात घातला. पॅड धरलं. माझ्या हाताचा घाम लागलेलं पॅड त्यानं दोन्ही हातांनी धरलं.

पहिला राउंड त्यानं घेतला. घाईत मी उडी मारली आणि भाल्यावर जाऊन पडले. दुसऱ्यात मी उडी मारली नाही. एक पाऊल, अडव. एक पाऊल, अडव. तो टोचत राहिला, मी मागं गेले नाही. मी मागं जाईन असं धरून त्यानं लांबचा वार टाकला. मी तिथं नव्हतेच. वार हुकला, मी आत शिरले आणि चिकटले. त्याला ती जागा माहीतच नव्हती. तिथं काय करायचं हे त्याला कधी शिकायची वेळच आली नव्हती. तिसऱ्या राउंडला तो मागं सरकायला लागला. त्याची पाठ भिंतीला लागली. मी ठोसे मारत राहिले. स्क्रीनवर माझं नाव आलं.

मी मूठ पुढं केली. तो "लक आहे" म्हणाला आणि उठला. पुढच्या सामन्यात मी हरले, दुसऱ्याच एका पोराशी. त्यानं मूठ लावली.

चार दिवसांनी वैनींनी आईला सांगितलं की आता मशीन घेतलंय, फरशी तेच पुसतं. भांड्यांनाही दुसरी बघितलीय. आई घरी येऊन चुलीपाशी बसली. मला रागावली नाही. नुसतं म्हणाली, "झालं तुझं मनासारखं?" मी जवळ गेले तर तिनं तोंड फिरवलं. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिला आता दुसरीकडं काम आहे, लांब, दोन रिक्षा बदलून. मी कॉलेज सांभाळून एका दुकानात कामाला लागले आणि पार्लरची फरशी सोडली. आईला वाटतं मी चुकले. तिला तसं वाटायचा हक्क आहे. मी माफी मागितलेली नाही.

आता पार्लरनं नवा नियम काढलाय. स्वच्छतेसाठी प्रत्येकानं आपापलं पॅड आणायचं. हा नियम कुणी काढायला लावला ते सगळ्यांना माहीत आहे. कोण आणू शकतं तेही माहीत आहे. मी रशीदभाईंकडं गेले. मोडक्या पॅडांच्या ढिगातनं त्यांनी मला एक जोडून दिलं. वरचं काळं, खालचं पांढरं. म्हणाले, "रब्बर दोनों बाजू नवा डाला है. अब देखते कौनसा पैले फटता."

पुढच्या स्पर्धेला मी नाव दिलंय. पूर्ण. अथर्वनंही दिलंय. तो परत जिंकेल, किंवा मी जिंकेन. पण सामना संपला की मी मूठ पुढं करणार. त्यानं फोन काढू दे. पाठ फिरवू दे. सगळ्या खुर्च्या हसू देत. मी ओढणीला हात पुसणार नाही. मूठ तिथंच ठेवणार आहे, तो वळून बघेपर्यंत.